लंकेतील सहलीचा शेवटचा दिवस

सहलीचा शेवटचा दिवस हा बहुतेक प्रवाशांच्या लेखी दिवसच नसतो. सहल काढणाऱ्या मंडळींच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत त्याच्यापुढे 'न्याहारी, खरेदी, विमानतळ' एवढे तीनच शब्द असावयाचे. आणि प्रवाशाचे चित्त तर आदल्या रात्रीच घरी जाऊन पोहोचलेले असते. दूधवाल्यास निरोप धाडला की नाही, शेजारणीने तुळशीला पाणी घातले असेल की नाही, सामानाचे वजन किती भरेल, असल्या विवंचनेत तो समोरच्या खिडकीतून धावणारा मुलूख पाहतो खरा, परंतु त्यास दिसत काहीच नाही. पूर्वी काशीयात्रेहून परतणाऱ्यांची स्थिती अशी नसे. परतीची वाट हीदेखील यात्राच असे आणि घरी येऊन मावंदे घालीपर्यंत यात्रा पुरी झाली असे कोणी मानीत नसे. आजच्या आठ दिवसांच्या सहलीत परतीची वाट म्हणून काही उरलेलीच नाही. संध्याकाळी विमानात बसावे आणि जेवणाची ताटली पुढून उचलली जाते न जाते तोच मुंबईचे दिवे दिसावेत! तेव्हा त्या हरवलेल्या वाटेचे सारे काम या एका शेवटच्या दिवसाकडून करून घेतले पाहिजे, असे आमचे फार दिवसांचे मत आहे. लंकेतील आमच्या शेवटच्या दिवसाने ते कसे दृढ केले, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

२०२४ सालच्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब लंकेस गेलो होतो. 'सहकुटुंब' हा शब्द येथे त्याच्या जुन्या ऐसपैस अर्थाने घ्यावा. आमच्या थोरल्या वहिनी, आम्ही उभयता, दोघे चिरंजीव, एक पुतण्या, तिघी सुना आणि पाच नातवंडे मिळून आम्ही चौदा जण होतो. हे चौदा जण एका छपराखाली राहत असते तर सहलीची एवढी मातब्बरी नव्हती. परंतु वडील चिरंजीव मेलबर्नला, धाकटे पुण्यास, पुतण्या नाशिकास, आणि सांगलीच्या जुन्या वाड्यात वहिनी व आम्ही दोघे, अशी आमच्या एकत्र कुटुंबाची आजची मांडणी आहे. चौदाही जण एका छपराखाली आले ते बसच्या छपराखाली! त्या बसमध्ये आमच्याशिवाय ठाण्याची व नागपूरची मिळून आणखी पंधरा-सोळा मंडळी होती. पहिल्या दिवशी पुढच्या आसनांवरून थोडी कुरबुर झाली. आठव्या दिवशी पाहावे तो प्रत्येकाची जागा वर्गातल्या बाकाप्रमाणे ठरून गेलेली. चाळीस वर्षे ज्याने वर्ग सांभाळले त्यास याचे नवल वाटू नये, तरी वाटलेच.

शेवटचा दिवस गुरुवार, मे महिन्याची २३ तारीख. कँडीहून सकाळी निघून कोलंबोस उतरावयाचे, दुपारी तेथील पेट्टा नामक पेठेत खरेदी करावयाची आणि रात्री कटुनायके येथील विमानतळ गाठावयाचा असा बेत होता. परंतु त्या दिवशी वैशाखी पौर्णिमा होती. लंकेत प्रत्येक पौर्णिमा ही सार्वजनिक सुटी असते. तिला तेथे 'पोय' म्हणतात. आणि हा शब्द पालीतील 'उपोसथ', संस्कृतातील 'उपवसथ' यांचा झिजून राहिलेला अवशेष होय. आपला 'उपवास' त्याच कुळातला. त्यातही वैशाखाची पौर्णिमा म्हणजे 'वेसक', भगवान बुद्धांचा जन्म, बोधी आणि परिनिर्वाण या तिन्ही घटनांचा दिवस. त्या दिवशी मद्याची आणि मांसाची दुकाने बंद, आणि बाकीची बाजारपेठही बहुतेक बंदच. न्याहारीच्या वेळी मार्गदर्शकाने ही वार्ता सांगताच मोठाच गहजब उडाला. आठ दिवस 'कोलंबोस घेऊ, कोलंबोस घेऊ' म्हणून ज्यांनी हात आखडता घेतला होता त्या भगिनीवर्गाची निराशा आम्ही वर्णन करीत बसत नाही. नागपूरच्या एका गृहस्थांनी तर खरेदीच्या वेळेचे पैसे परत मिळावेत असाही मुद्दा काढला! शेवटी मार्गदर्शकाने पेट्टाच्या ऐवजी केलनिय येथील विहार दाखविण्याचे कबूल केले आणि बस हलली. न्याहारीस त्या दिवशी नारळाच्या दुधात शिजवून थापलेला भात होता. त्याचे नाव 'किरिबत'. 'किरि' म्हणजे क्षीर आणि 'बत' म्हणजे भात. सणाच्या दिवशी हा पदार्थ घरोघर करतात.

येथे भाषेविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून आमच्याने राहवत नाही. मध्ये सारा द्राविड देश पसरलेला असता समुद्रापलीकडची सिंहली भाषा मात्र आपल्या मराठीप्रमाणे प्राकृताची लेक आहे, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि कानांनी ऐकणे वेगळे. आमच्या नातवंडांनी आठ दिवसांत सारथ्याकडून आकडे पाठ केले होते : एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नमय, दहय. 'सप्त'चे 'हत' कसे झाले असे धाकट्या नातीने विचारले तेव्हा जुन्या सकाराचा तेथे पुष्कळदा हकार होतो, हे आम्ही बसमध्येच फळा नसता समजावून दिले. 'नगर' याचे तेथे 'नुवर' झाले आहे. कँडीस तेथील लोक कँडी म्हणतच नाहीत. 'महनुवर', म्हणजे महानगर म्हणतात. पुस्तक म्हणजे 'पोत', आपली पोथीच. झाड म्हणजे 'गस', हा 'गच्छ' होय. ज्यास थोडेबहुत संस्कृत येते त्याने लंकेत वाटाड्याचे इंग्रजी ऐकण्यापेक्षा लोकांचे आपसातले बोलणे ऐकत बसावे. तिळागुळाच्या लाडवांप्रमाणे ओळखीचा एखादा शब्द मधूनच हातास लागतो.

कँडी सोडताना सरोवराच्या काठाने रस्ता जातो. हे सरोवर नैसर्गिक नव्हे. श्रीविक्रम राजसिंह या शेवटच्या राजाने ते १८०७ मध्ये बांधविले. पुढे आठच वर्षांनी, १८१५ त, ते राज्य इंग्रजांच्या घशात गेले आणि राजास वेल्लोर येथे कैदेत ठेवण्यात आले. तेथेच तो १८३२ त मृत्यू पावला. म्हणजे आपल्या शेवटच्या पेशव्यांच्या अगोदर तीन वर्षे त्याचे राज्य बुडाले. गेल्या शतकातील मराठी माणसास ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

त्यापुढची कथा तर आम्हांस अगदीच घरची वाटली. कँडीहून पश्चिमेस निघाल्यावर थोड्याच वेळात कडुगन्नावचा घाट लागतो. डोंगर भेदून वाट येईल तेव्हाच हे राज्य परक्यांच्या हाती पक्के जाईल अशी म्हणे तेथील लोकांची समजूत होती. आणि राज्य घेतल्यानंतर इंग्रजांनी पहिले काम केले ते हेच. बार्न्स नामक गव्हर्नराच्या अमदानीत कॅप्टन डॉसन याने हा रस्ता आखला, घाटात एका प्रचंड शिळेस भोक पाडून तिच्या पोटातून तो नेला. डॉसन १८२९ त वारला, आणि त्याच्या स्मरणार्थ घाटमाथ्यावर उभारलेला पांढरा मनोरा आजही रस्त्याच्या कडेस दिसतो. आपला बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालचा. घाटातून आगगाडी आपल्याकडे १८६३ त चढली, तिकडे १८६७ त कँडीस पोहोचली. एकाच काळात, एकाच हेतूने, एकाच धन्याने दोन्हीकडे डोंगर फोडले. खंडाळ्याच्या खिडकीतून पाहण्याची सवय असलेल्या आमच्या मंडळींनी येथेही नकळत 'आता बोगदा येईल' म्हणून मुलांना सावध केले! घाट उतरल्यावर उटुवनकंद हा सुळका दिसतो. त्याच्या आश्रयाने सरदियेल नावाचा बंडखोर इंग्रजांस हुलकावण्या देत असे. श्रीमंतांस लुटून गरिबांस देणारा म्हणून त्याच्या कथा तेथे अजून सांगतात. त्यास १८६४ त कँडी येथे फाशी दिले. आमच्या नातवाने ताबडतोब 'म्हणजे उमाजी नाईक' असा शेरा मारला.

पिन्नवल येथील हत्तींचे अनाथालय हा वाटेवरचा ठरलेला मुक्काम. १९७५ मध्ये ते स्थापन झाले. आईवेगळी झालेली, खड्ड्यांत पडलेली पिल्ले येथे वाढवावी असा मूळ उद्देश. आता येथेच जन्मलेली पिल्लेही पुष्कळ आहेत. दिवसातून दोनदा सारा कळप दुकानांच्या गल्लीतून चालत महओय नदीवर स्नानास जातो. ते दृश्य भव्य आहे यात शंका नाही. पन्नास-साठ हत्ती एकदम पाण्यात उतरताना पाहिले म्हणजे संस्कृत कवींनी गजक्रीडेवर एवढी शाई का खर्चिली ते कळते. परंतु काही थोरल्या हत्तींच्या पायांत साखळदंड होते, आणि पैसे घेऊन हत्तीशेजारी उभे राहून छायाचित्र काढू देणाऱ्यांचीही तेथे वाण नव्हती. आम्ही तेथे पाऊण तास होतो. तेवढा पुरे झाला.

आता दिवसातील मुख्य गोष्टीकडे वळतो. पिन्नवलहून हमरस्त्यावर आल्यावर दर दोन-चार मैलांवर कागदी कंदिलांचे तोरण, पंचरंगी निशाणे आणि त्यांच्याखाली गर्दी, असा देखावा दिसू लागला. तरुण मुले रस्त्यात निशाण घेऊन उभी राहत आणि येणाऱ्या वाहनांस हात करून थांबवीत. आमच्यापैकी कित्येकांस वाटले की, वर्गणी मागत असावेत. गणेशोत्सवाच्या दिवसांत आपल्याकडे कोणी रस्ता अडवून उभा राहिला की हात आधी खिशाकडे जातो. तसाच तो येथेही गेला. परंतु प्रकार अगदी उलटा होता. ती मुले मागत नव्हती, देत होती. यास 'दन्सल' म्हणतात. हा आपला 'दानशाला' शब्द होय. वेसकच्या दिवसांत गावोगावचे लोक, पेठेतले व्यापारी, कारखान्यांतले कामगार, शाळांतली मुले वर्गणी करून रस्त्यावर अन्न शिजवितात आणि येईल त्यास, तो कोण कोठला हे न विचारता, वाढतात. कोठे भातभाजी, कोठे उकडलेले हरभरे, कोठे नुसते सरबत.

वाराकपोल गावाच्या अलीकडे अशाच एका मांडवापुढे सारथ्याने बस उभी केली. वेळ नाही, असे ठाण्याच्या मंडळींचे म्हणणे पडले. सारथी सहसा बोलत नसे. पण त्या वेळी तो म्हणाला की, आजच्या दिवशी बोलावणे नाकारून पुढे जाणे बरे नव्हे. मग सारेच उतरले.

आमच्या वहिनींचा प्रश्न निराळा होता. वय ब्याऐंशी. आठ दिवसांत हॉटेलातील केळी, दही आणि साधा भात एवढेच त्यांनी घेतले होते. बाकीचे सारे सांगलीहून आणलेल्या दशम्या, मेतकूट, भाजके पोहे आणि तुपाची बरणी यांवर चालले होते. हा त्यांचा हट्ट म्हणावा तर तसेही नाही. लंकेत शाकाहाऱ्याने सावधच राहिले पाहिजे. तेथे 'उंबलकड' म्हणून वाळविलेल्या माशाचा चुरा असतो, आणि तो खोबऱ्याच्या चटणीतही घालतात. विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही, कारण त्यांच्या मते तो मसाला आहे. जाणाऱ्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. त्यातून त्या दिवशी वहिनींचा गुरुवारचा उपवास. तेव्हा त्या बसमध्येच बसणार हे गृहीतच होते.

परंतु मांडवात दोनच पदार्थ होते. मोठ्या पातेल्यात उकडलेला कसलासा पांढरा कंद आणि वर ओले खोबरे. शेजारी तपेल्यात तांबूस, सुवासिक पेय. कंदाचे नाव मार्गदर्शकाने 'मञ्ञोक्का' असे सांगितले तेव्हा आमच्या पुतण्याने, तो शेतकी पदवीधर आहे, तत्काळ खुलासा केला की, ज्याच्या पिठापासून तामिळनाडूत सेलमकडे आपला साबुदाणा होतो तोच हा कंद. आणि ते पेय? ते 'बेलिमल्', म्हणजे वाळविलेल्या बेलाच्या फुलांचा काढा, गुळाच्या खड्याबरोबर घ्यावयाचा. माशाचा चुरा कशातही नाही हे धाकट्या सूनबाईंनी पातेल्याजवळ जाऊन स्वतः विचारून घेतले. हे सर्व वहिनींच्या कानी घातले. त्या खिडकीतून थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "साबुदाण्याचाच कंद, आणि बेलाची फुलं! मग उपवासाला काय हरकत आहे?" आणि काठी घेऊन खाली उतरल्या.

पानावर वाढलेला कंद त्यांनी खाल्ला. काढा दोनदा घेतला. मग कनवटीची पिशवी सोडून त्यांनी पैसे काढले. वाढणारा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असेल. त्याने हात जोडले आणि तो मागे सरला. वहिनींनी नोट पुढे केली. तो आणखी मागे सरला. "भाऊजी, फुकटचं कसं खायचं? सांगा त्याला," असे त्या आम्हांस म्हणाल्या. मार्गदर्शकाने समजूत घातली की, येथे पैसे घेत नाहीत. तुम्ही घेतले म्हणून त्यांचे दान घडले, तेव्हा उपकार तुमचेच त्यांच्यावर. हा युक्तिवाद शास्त्रास धरून होता, परंतु वहिनींस तो पटला नाही. पन्नास वर्षे ज्या घरात त्यांनी पंक्ती वाढल्या, जेथे कोणी उपाशी परत गेला नाही, त्या घरच्या बाईस नुसते घेऊन निघणे जमण्यासारखे नव्हते. त्या मुलाच्या हातातले ओगराळे त्यांनी खुणेने मागून घेतले आणि तपेल्यापाशी उभ्या राहिल्या.

बस त्या ठिकाणी पंचवीस मिनिटे थांबली. रांगेत ट्रकवाले होते, पांढरी वस्त्रे नेसलेल्या बायका होत्या, डोईस टोपी घातलेले दोन मुसलमान व्यापारी होते, पाठीवर पोती टाकलेले हमाल होते. नऊवारी नेसलेली एक म्हातारी आपल्यास काढा वाढते आहे याचे त्यांना क्षणभर नवल वाटे, मग पेला दोन्ही हातांनी धरून ते मान लववीत. वहिनी प्रत्येकास मराठीत "घ्या, अजून घ्या" म्हणत होत्या आणि त्यास ते समजतही असावे, कारण बहुतेकांनी अजून घेतले. आमच्या दोघी नाती गुळाचे खडे वाटावयास उभ्या राहिल्या. वेळ नाही म्हणणाऱ्या ठाण्याच्या काकूंनीही पदर खोचून कंदाचे पातेले ताब्यात घेतले, हे येथे नमूद करणे न्याय्य आहे.

आम्ही त्या वेळी सारथ्यापाशी उभे होतो. त्याने हळूहळू जे सांगितले ते त्या मांडवापेक्षाही आमच्या मनात घर करून राहिले आहे. २०२२ साली देशाचे परकीय चलन संपले तेव्हा याच रस्त्यावर मैल मैल रांगा लागल्या होत्या. त्या इंधनाच्या होत्या. त्याने स्वतः या बसमध्ये दोन रात्री काढल्या, आणि पाळी आली तेव्हा पंपातील तेल संपले. पुढे प्रवासीच येईनात, तेव्हा बस सात महिने घराच्या दारात उभी होती. स्वयंपाकाचा गॅस नाही, औषधे नाहीत. कागदाच्या टंचाईमुळे त्या वर्षी कोलंबोकडील शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसास राष्ट्राचे दारिद्र्य कळण्यास याहून दुसरे माप नको. त्या वर्षी आपल्या देशाने सुमारे ४ अब्ज डॉलरचे साहाय्य केले, हे त्यास ठाऊक होते आणि त्याने ते कृतज्ञतेने बोलून दाखविले. त्या वर्षीही दन्सल झाली का, असे आम्ही विचारले. "लहान झाली," तो म्हणाला. त्याच्या गावाने नुसता पाण्याचा हंडा आणि साखर मांडली होती.

वाराकपोल येथे तिळाचे लाडू मिळतात. त्यांस 'तलगुलि' म्हणतात. 'तल' म्हणजे तीळ, 'गुलि' म्हणजे गोळी. खरेदीस मुकलेल्या भगिनीवर्गाने येथे आपला अनुशेष भरून काढला. वहिनींनी एकट्यांनी चाळीस लाडू घेतले. पुढे काजूगम नावाचे गाव लागते. रस्त्याच्या कडेस बायका छपऱ्या घालून काजू विकीत बसलेल्या असतात. काजू हे फळ पोर्तुगीजांनी गोव्यास आणले तसे येथेही आणले, आणि नावही दोन्हीकडे तेच राहिले.

केलनियचा विहार कोलंबोच्या वेशीवर, त्याच नावाच्या नदीच्या काठी आहे. भगवान बुद्ध आपल्या तिसऱ्या लंकायात्रेत वैशाखी पौर्णिमेस येथे आले अशी महावंशाची परंपरा असल्यामुळे त्या दिवशी तेथे मुंगीस वाट मिळेना. परंतु आपल्याकडील यात्रेत जो गलबला असतो तो नव्हता. हजारो स्त्री-पुरुष शुभ्र वस्त्रे परिधान करून झाडांखाली स्वस्थ बसले होते. अष्टशीलांचे व्रत घेऊन सबंध दिवस विहारात घालवावयाचा, मध्यान्हानंतर भोजन करावयाचे नाही, असा हा नेम. त्यास ते 'सिल्' म्हणतात. सोलियस मेंडिस या चित्रकाराने १९३० नंतरच्या काळात भिंतींवर काढलेली चित्रे पाहण्यासारखी आहेत. कलिंगाची राजकन्या हेमामाला बुद्धांचा दंतधातू केसांत लपवून लंकेस आणते, हे चित्र पाहताच आमच्या सुनांस सकाळी मागे टाकलेल्या कँडीच्या दंतमंदिराचा उलगडा झाला.

याच आवारात बिभीषणाचे देऊळ आहे! रामायणाच्या पायी लंकेस येणाऱ्या आपल्या मंडळींस रावणाच्या नावाची ठिकाणे दाखवितात. परंतु लोक मनोभावे पूजतात तो बिभीषण. तो या बाजूचा रक्षक देव मानला जातो. वहिनींनी तेथे एक लाडू ठेवला.

कोलंबो हे नाव घेतले की आम्हांस प्रथम आठवतात ते धर्मानंद कोसंबी. गोव्यातील साखवाळचा हा घर सोडून निघालेला ब्राह्मण तरुण १९०२ साली येथे पोहोचला आणि विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी त्याने दीक्षा घेतली. पुढे फर्ग्युसन कॉलेजात पाली भाषेचे अध्यापन त्यांच्याच हातून झाले. त्यांचे 'निवेदन' हे आत्मवृत्त ज्यांनी वाचले नसेल त्यांनी लंकेस जाण्यापूर्वी अवश्य वाचावे. त्यांच्या वेळी ना बस होती, ना मार्गदर्शक, ना खिशात पैसा.

वेसकच्या गर्दीने कोलंबोतील रस्ते तुंबले होते. बस मुंगीच्या पावलाने चालली आणि त्या दीड तासात, जो विषय आठ दिवस सर्वांनी टाळला होता तो निघाला. सांगलीचा वाडा. २०१९ च्या महापुरात ओसरीवर कंबरभर पाणी चढले. तेव्हापासून मागची भिंत कलली आहे. डागडुजीचा खर्च मोठा आणि गिऱ्हाईक दारात उभे. मेलबर्नच्या चिरंजीवांचे म्हणणे, विकावा. धाकट्यांचे म्हणणे, वहिनी आहेत तोवर ठेवावा. दोघांच्या बोलण्यात आच होती. बसमध्ये हळू बोलणे अशक्य, त्यामुळे ठाण्याच्या व नागपूरच्या मंडळींनी सौजन्याने खिडकीबाहेर पाहण्यास आरंभ केला. वहिनी बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्यासाठी ठेवू नका. माझं नाव पुढे करून ठेवलात, तर तुम्ही सगळे माझ्या मरणाची वाट पाहता असं मला रोज वाटायचं. ठेवायचा तर तुम्हांला हवा म्हणून ठेवा." कोणीच काही बोलले नाही. आमचे मत विचारण्यात आले. या विषयाचा निकाल परमुलखात, बसमध्ये, विमानाची घटका मोजीत लागू नये. दिवाळीस सर्वांनी वाड्यातच जमावे, कललेली भिंत डोळ्यांनी पाहावी आणि मग बोलावे, एवढेच आम्ही सुचविले. ते मान्य झाले. दिवाळीची तिकिटे काढण्याचे मात्र चिरंजीवांनी तेव्हा कबूल केले नाही.

सूर्यास्ताच्या सुमारास गॉल फेस नावाच्या समुद्रकाठच्या हिरवळीवर पोहोचलो. हे मैदान १८५९ मध्ये इंग्रजांनी करविले. आणि २०२२ साली याच मैदानावर तरुणांनी महिनोन् महिने ठाण मांडले, अखेर राष्ट्राध्यक्षांस देश सोडून जावे लागले. त्या दिवशी तेथे मुले पतंग उडवीत होती. समुद्र पश्चिमेस, म्हणजे आपल्या कोकणासारखाच. सूर्य पाण्यातच बुडतो. आमची मुले व नातवंडे लाटांत पाय बुडवून आली, आणि दोघे भाऊ एकाच पतंगाचा दोर धरून उभे असलेले आम्ही दुरून पाहिले. काळोख पडताच घराघरांवर कंदील लागले. वेळूच्या काड्यांचे, पातळ कागदाचे, अष्टकोनी. आपल्या आकाशकंदिलाचे सख्खे भाऊच. २०१३ मध्ये खुला झालेल्या द्रुतमार्गाने विमानतळ गाठेपर्यंत ते दोन्ही बाजूंस दूरवर दिसत राहिले.

सारथ्यास सर्वांनी मिळून बिदागी दिली. ती जमविण्याचे काम नागपूरच्या त्या पैसे परत मागणाऱ्या गृहस्थांनीच अंगावर घेतले आणि स्वतःचा आकडा सर्वांत मोठा घातला. वाचकांनी अशा सहलीत हे काम शेवटच्या दिवशी सकाळीच उरकावे. विमानतळाच्या दारात सामान उतरताना कोणाचे हात मोकळे नसतात.

मेलबर्नचे विमान वेगळे, मुंबईचे वेगळे. आत शिरण्यापूर्वी वहिनींनी पेटीवर बसून लाडवांच्या पुड्या बांधल्या. ऑस्ट्रेलियात खाद्यपदार्थ नेण्यावर फार कडक निर्बंध आहेत, असे चिरंजीवांनी सांगून पाहिले. वहिनींनी पुडी सूनबाईंच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सांगलीस पोहोचून आम्ही तुळशीला पाणी घालीत होतो तोच त्यांचा निरोप आला : पुडी फॉर्मावर लिहून दाखविली, अधिकाऱ्याने उघडून पाहिली आणि काय आहे म्हणून विचारले. नातवाने 'तलगुलि' असे उत्तर दिले, आणि किती आहेत म्हटल्यावर एक, देक, तुन करीत दहापर्यंत मोजून दाखविले. पुडी परत मिळाली.